उकंडराव फायनल

लोक शोधनिबंध बढतीसाठी लिहितात, नावासाठी लिहितात, आणि काही थोडे तर चक्क शोध लागला म्हणूनही लिहितात. नांदुऱ्याच्या डॉ. प्रसेनजित तायड्यांनी शोधनिबंध लिहायला घेतला तो एक मोडत आलेली सोयरीक सावरायला. हृदयरोगशास्त्राच्या इतिहासात असं पूर्वी घडलं असेल तर आम्हाला ठाऊक नाही.

सोयरीक वडनेर भोलजीच्या उकंडरावांच्या मुलीची, चांगुणाची. आणि ती मोडायला आली कपाशीवरच्या माव्यामुळे. बीटी कापूस आला तेव्हा गावोगाव सांगून झालं होतं की आता फवारणीला सुट्टी. बोंडअळीनं ती सुट्टी काही वर्षं इमानानं पाळली. पण मावा आणि तुडतुडे यांना त्या निर्णयाची प्रत कोणी पाठवली नसावी. ते येतच राहिले, आणि पाठीवर पंप बांधून उकंडरावही कपाशीच्या तासातासांतून हिंडत राहिले.

त्या सप्टेंबरात एका दुपारी वारं उलटं होतं, पंप गळका होता, आणि उकंडरावांच्या तोंडावर फडकंसुद्धा नव्हतं. वावरातून ते बाहेर आले ते झोकांड्या खात. तोंडातून लाळ, अंगाला घामाच्या धारा. लोकांनी जीपमध्ये घालून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं सलाईन लावलं आणि केसपेपरवर लिहिलं, ‘दारू?’ सकाळी घरी पाठवून दिलं.

घरी न जाता उकंडराव तायड्यांकडे आले. नाडी चाळीसवर, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. कंपाउंडर रज्जाकभाईंनी इसीजी काढला, तर दोन ठोक्यांत इतकं अंतर की त्यांना वाटलं मशीनचा कागद अडकला. तायड्यांनी इंजेक्शनं दिली, आंघोळ घातली, संध्याकाळी उकंडराव उठून बसले आणि चहा मागते झाले.

पण ‘दारू?’ मधलं ते प्रश्नचिन्ह! प्रश्नचिन्हाला फार लांबचा प्रवास झेपत नाही. खामगाव येईपर्यंत ते गळून पडलं. मेहकरला दारूची देशी झाली, आणि बातमी साखरखेर्ड्याला नवरदेवाच्या घरी पोचली तेव्हा उकंडराव भरदुपारी पिऊन गटारात लोळत होते. वडनेरच्या त्या भागात गटार नाही, ही गोष्ट कोणी विचारात घेतली नाही. उकंडरावांनी जन्मात थेंब घेतलेला नाही, हीही नाही.

नवरदेवाचे वडील रामराव तडक तायड्यांच्या दवाखान्यात आले. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, आणि बसायला खुर्ची दिली तरी उभेच.

“डॉक्टर, आमच्या घरात दुपारचा चहासुद्धा कोणी घेत नाही,” ते म्हणाले. “अन् व्याही असा?”

“अहो, ते प्यालेले नव्हते. फवारणीचं औषध अंगात गेलं की हृदयाची गती मंदावते. माणूस झिंगल्यासारखा दिसतो. मी सर्टिफिकेट देतो ना तसं.”

“सर्टिफिकेट?” रामराव हसले. “माझ्या पुतण्यानं कावीळ झाल्याचं सर्टिफिकेट आणलं अन् त्याच दिवशी क्रिकेटात पन्नास रना काढल्या. मला नका सांगू सर्टिफिकेट. दवाखान्याचा तो कागद छापील आहे. तुमचंबी छापील दाखवा. दिवाळीपर्यंत थांबतो, नाहीतर पोराला दुसरीकडं पाहतो.”

आता तायडे नागपूरचे एम. डी. दवाखान्याच्या भिंतीवर डिग्री, डिग्रीवर काच, काचेवर रोज फडकं. त्यांच्या शब्दाची किंमत रजेच्या अर्जाएवढी ठरावी, हे त्यांना फार लागलं. ते ताडकन म्हणाले, “छापीलच पाहिजे ना? मग असं छापील दाखवतो की अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ उभे राहून वाचतील!”

उभे राहून का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण रज्जाकभाई दाराशी होते. संध्याकाळपर्यंत स्टेशन रोडला कळलं की डाक्टरसाब अमेरिकेत छापून येणार.

तसं लिहायला त्यांच्याजवळ होतं. तीन हंगामांत फवारणी करून आलेल्या माणसांचे इसीजी त्यांनी एक्स-रेच्या जुन्या पाकिटात जपून ठेवले होते. त्यातल्या बहुतेकांना कुठे ना कुठे कोणीतरी बेवडा म्हणून हाकललं होतं. कधीतरी हे लिहायचं, असं तायडे दर दसऱ्याला ठरवत आणि दर दिवाळीला विसरत. आता विसरायची सोय राहिली नाही.

रात्री जेवताना त्यांनी घरच्यांना योजना समजावली. घरचे म्हणजे पत्नी महामाया, हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या, आणि वडील शंकरराव, रेल्वेतून रिटायर झालेले.

“वैद्यकीय मासिकं दोन प्रकारची असतात, बाबा. एकात वाचणाऱ्याला पैसे मोजावे लागतात. दुसरं ओपन ॲक्सेस. त्यात वाचणाऱ्याला फुकट, खर्च लिहिणाऱ्याचा. जगातला कोणीही येऊन वाचू शकतो. मला तसंच पाहिजे.”

“म्हंजे पंगत,” शंकरराव भाकरी मोडत म्हणाले.

“पंगत नाही बाबा, हे विज्ञान आहे.”

“खानाऱ्याले फुकट, खर्च घरधन्याचा, अन् कोनीबी येऊन बसा. पंगतच झाली ना बे! मंग पत्रिकेत नावं कोनाकोनाची टाकून राह्यला?”

इथे तायड्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण विद्वान माणसाला माहिती देण्याचा मोह आवरत नाही. ते म्हणाले, “नावं असतात ना. वर, पहिल्याच पानावर, सगळ्या लेखकांची.”

ज्यांनी आमच्याकडची लग्नपत्रिका पाहिलेली नाही, त्यांना पुढचा अनर्थ कळायचा नाही. आमच्या पत्रिकेत वर-वधूंना कोपऱ्यात कशीबशी जागा मिळते, बाकीची जमीन नावांच्या मालकीची. निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, समस्त मित्रपरिवार. कोणाचं नाव राहिलं की तो लग्नाला येतो, जेवतो आणि पुढे जन्मभर बोलत नाही. कोणाचं खाली गेलं तर तो जेवतही नाही.

पहिलं नाव रज्जाकभाईंचं आलं, आणि ते न्यायाचंच होतं. सगळे इसीजी त्यांनीच काढले होते. दुसरे आले महादेवराव. हे दवाखान्याचे घरमालक, वर दवाखाना आणि खाली त्यांचं कृषी सेवा केंद्र. बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं.

“डाक्टर, ते कागदं कोनाच्या बिल्डिंगीत निंघाले?” त्यांनी विचारलं.

“तुमच्याच.”

“मंग? अन् मी असं आयकलं का माह्या दुकानातल्या औषधाईचे नावंबी त्यात येऊन राह्यले?”

“येताहेत. एक अख्खा तक्ता आहे.”

महादेवराव कृतार्थ झाले. आपल्या दुकानातल्या मालाची अमेरिकेत फुकट जाहिरात होणार, हे त्यांना कल्पनेपलीकडचं सुख होतं. तो तक्ता कशासाठी आहे, हे तायड्यांनी सांगितलं नाही. भाडेकरार नवा करायचा होता, आणि शास्त्रज्ञालाही डोक्यावर छप्पर लागतं.

मग शंकररावांचे रेल्वेतले दोस्त आले. मग तायड्यांच्या मेव्हण्यानं फोन करून विचारलं की आपल्याला वगळण्यामागे काही विशेष कारण आहे का. मासिकांचा नियम असा, की प्रत्येक लेखकानं नेमकं काय काम केलं ते लिहावं लागतं. तायड्यांनी प्रामाणिकपणे लिहायला बसून पाहिलं. रज्जाकभाई : इसीजी काढणे. महादेवराव : जागा. शंकरराव : पितृत्व. बाकीच्यांपुढे ‘आशीर्वाद’ याखेरीज काही सुचेना, आणि त्याला योग्य इंग्रजी शब्द महामायाबाईंनीही दिला नाही.

महामायाबाईंनी स्वतःचं नाव टाकू दिलं नाही. त्यांनी लाल पेन घेतला. “‘असे आढळून आले’ म्हणजे कुणाला आढळून आलं? कर्ता कुठंय?” त्यांनी विचारलं आणि पानापानावर गोल मारले. शेवटी सवयीनं पन्नासपैकी एकतीस गुण देऊन खाली सही केली. तायडे दोन दिवस त्यांच्याशी मोजकंच बोलले.

आता छापायचं कुठे? बऱ्या मासिकांची रीत अशी की ती लेख दोन-तीन जाणकारांना तपासायला देतात, आणि जाणकार सहा-सहा महिने हलत नाहीत. रामराव तर दिवाळीपर्यंतच हलणार नव्हते. अशा पेचात तायड्यांना ती ईमेल आठवली. रोज सकाळी एक यायची. “जगद्विख्यात प्रोफेसर तायडे,” अशी सुरुवात. हृदयावरचं आमचं ओपन ॲक्सेस मासिक आपल्या लेखणीची चातकासारखी वाट पाहत आहे, दोन दिवसांत तपासणी, तिसऱ्या दिवशी जगभर.

“दोन दिवसांत माझे सहावीचे पेपर तपासून होत नाहीत,” महामायाबाई म्हणाल्या.

शंका तायड्यांनाही आली होती. पण इतकी वर्षं नांदुऱ्यात काढून त्यांना कोणी ‘जगद्विख्यात’ म्हटलं नव्हतं. फार तर ‘स्टेशनजवळचे तायडे’. माणूस शेवटी माणूस असतो. मासिकाची फी महामायाबाईंच्या पगारातून गेली, आणि त्याचा उल्लेख त्या घरात अजूनही होतो.

निबंध टाइप करायचं काम आसिफकडे होतं. स्टेशन रोडवर त्याचं दुकान. एका कॉम्प्युटरवर सातबारा, परीक्षेचे फॉर्म आणि लग्नपत्रिका, तिन्ही निघतात. आसिफ हुशार, पण त्याची एक पद्धत होती. फाइल कोणत्या कामाची आहे यापेक्षा कोणाच्या कामाची आहे हे तो बघायचा. गिऱ्हाइकाचं नाव टाकायचं आणि पुढे ‘फायनल’. आता हा निबंध डॉक्टरांचा, पण काम कोणाचं? सगळ्या गावाला माहीत होतं, उकंडरावांचं. फाइलचं नाव पडलं, ‘उकंडराव फायनल’.

इकडे स्वतः उकंडराव येऊन गेले होते. डॉक्टरसायबानं जबान दिली म्हणजे लग्न ठरल्यातच जमा, असा त्यांचा हिशेब. त्यांनी चांगुणाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर आसिफला देऊन ठेवला. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्तही घालून टाकला. आसिफनं ती टाइप करून ठेवली. नाव अर्थातच ‘उकंडराव फायनल टू’.

लोडशेडिंगला पाच मिनिटं उरली असताना तायडे धावत दुकानात आले. “आसिफ, पाठव लवकर!”

“कोनती साब? पहिली का दुसरी?”

तायड्यांना वाटलं, महामायाबाईंनी दुरुस्त केलेली ती दुसरी. “दुसरी. सुधारलेली.”

आसिफनं बटण दाबलं, “गयी साब,” म्हणाला, आणि दिवे गेले.

दोन दिवसांनी उत्तर आलं. निबंध स्वीकारला! सोबत तपासनिसांचे अभिप्राय. पहिल्यानं लिहिलं होतं की विषयाची मांडणी मौलिक आहे आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत. दुसऱ्यानं म्हटलं होतं की सांख्यिकी विश्लेषण विशेष भक्कम आहे, इंग्रजी मात्र थोडं सफाईदार हवं. तायड्यांनी हे वाक्य महामायाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. आयुष्यात काही क्षण सोन्याचे असतात, ते लगेच वापरून टाकावे लागतात.

पेढे वाटले गेले. महादेवरावांनी चौकात फ्लेक्स लावला. त्यावर तायड्यांचा फोटो टपाल तिकिटाएवढा, महादेवरावांचा दाराएवढा, आणि खाली ‘आमच्याकडे सर्व नामांकित कंपन्यांची कीटकनाशके मिळतील’.

रामरावांना निरोप गेला. ते आले. आसिफच्या दुकानात खुर्च्या मांडल्या. उकंडराव नवी टोपी घालून, शंकरराव काठी टेकून, महादेवराव कॅमेरा घेऊन, रज्जाकभाई अत्तर लावून. आसिफनं मासिकाचं पान उघडलं. वर इंग्रजीत मासिकाचं नाव, हृदयाचं लाल चित्र, खाली डॉ. प्रसेनजित तायडे, नांदुरा. आणि त्याखाली स्वच्छ, ठळक मराठीत :

‘॥ श्री गणेशाय नमः ॥ आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. चांगुणा...’

बाहेरून मालगाडी गेलेली दुकानात सगळ्यांना नीट ऐकू आली.

झालं होतं असं. पत्रिका मराठी टायपात होती. तो टाइप आसिफच्या कॉम्प्युटरमध्ये होता, मासिकवाल्यांच्या नव्हता. त्यांच्याकडे ती दिसली असणार नुसते कंस, चौकोन, डॉलर आणि टक्के. त्यालाच ते भक्कम सांख्यिकी विश्लेषण म्हणत होते.

“हे काऊन असं?” शंकररावांनी विचारलं. “पंगतीच्या आंधी पत्रिका निंघाली?”

रामराव चष्मा पुसून पुन्हा वाचत होते. वरपिता म्हणून त्यांचं स्वतःचं नाव, गाव आणि तालुक्यासकट. “हे कोण कोण वाचू शकतं?” त्यांनी हळूच विचारलं.

“सगळं जग,” तायडे पुटपुटले. “फुकट.” मग घाईनं म्हणाले, “पण काढायला सांगतो मी, आत्ताच!”

आसिफनं नियमांचं पान उघडलं. एकदा प्रसिद्ध झालेला मजकूर मागे घेता येत नाही. तो वाचकांसाठी कायम खुला राहील.

आमच्याकडे सोयरीक पत्रिका वाटेपर्यंत मोडता येते. भांडून मोडतात, मानपानावरून मोडतात, काही न बोलताही मोडतात. पण पत्रिका वाटली आणि मग मोडली, तर त्या घराला पुढची दहा वर्षं कोणी मुलगी दाखवत नाही. आणि ही तर जगभर वाटली गेली होती.

“लग्न होईल,” शेवटी रामराव म्हणाले. “माझं नाव छापलं गेलं, माझा इलाज नाही. पण लोकांनी विचारलं तर मी खोटं बोलायचो नाही. व्याही पितो, असंच सांगीन.”

तायड्यांना वाटलं, चला, कसंबसं निभावलं. त्यांनी उकंडरावांकडे पाहिलं. उकंडराव उठून उभे राहिले होते.

“मंग लगन नाई होत,” ते म्हणाले.

“अहो, पण पत्रिका...” तायडे मध्ये पडले.

“छापू द्या, सायेब. माही पोरगी त्या घरात जाईन अन् जलमभर बेवड्याची पोर म्हनून भाकरी खाईन? मी गरीब असीन, पन पेलो नाई. मले पोरगी घरात ठेवनं परवडते.”

तायड्यांना फार शरम वाटली. लग्न जमवायच्या नादात तो माणूस काय मागत होता, तेच ते विसरले होते. त्यांनी आसिफला खरी फाइल उघडायला लावली. “हे पाहा रामराव, हे होतं जायला. ऐका!” आणि त्यांनी शीर्षकच मराठी करून सांगितलं, “कपाशीवर फवारणी करणाऱ्यांमध्ये कीटकनाशकांमुळे हृदयाची गती मंदावणे.”

यावर पहिला आवाज आला तो रामरावांचा नव्हे, महादेवरावांचा. “काय? माह्या औषधाईनं?”

“तक्ता त्याचाच आहे,” तायडे खाली मान घालून म्हणाले.

“अन् माहं नाव त्याच्यावरतं? मीच लिवलं म्हना ना का माहं दुकान मानसं पाडते!” महादेवराव लाल झाले. “डाक्टर, हे साफ खोटं हाय. इतकी वर्षं इकून राह्यलो, मले तं काई झालं नाई!”

“तुम्ही विकता, फवारत नाही.”

“मी फवारतो,” रामराव एकदम म्हणाले. “तीस वर्षं फवारतो. मला कधी झिंग आली नाही.”

“जाकीट नाही, फडकं नाही?”

“ते असतं,” रामराव थोडे अडखळले. “आमची मंडळी बांधून देतात. पण त्याच्याशिवायबी काही होत नाही. दाखवू का?”

“चला!” महादेवराव म्हणाले. “पंप माहा, औषध माहं, गाडी माही!”

“कोणी कुठं जाणार नाही!” तायडे ओरडले. पण तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला की एका म्हातारबाबांच्या छातीत कळ आली आहे, आणि डॉक्टरांना धावावं लागलं. कळ गॅसची निघाली. पण तेवढ्या वेळात महादेवरावांची जीप रामरावांना घेऊन वडनेरच्या वाटेला लागली होती, आणि त्यांना अडवायला उकंडराव मागच्या ऑटोत बसले होते.

रज्जाकभाईंच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर इसीजीचं मशीन, खिशात इंजेक्शनं, असे जगद्विख्यात प्रोफेसर तायडे हायवेनं निघाले. ट्रकवाले हॉर्न देत होते.

“टेन्शन नका घेऊ डाक्टरसाब,” रज्जाकभाई वाऱ्यात ओरडले. “नाई पडला तो, तं आपन खोटे ठरू, एवढंच!”

उकंडरावांचं वावर हायवेला लागूनच. कमरेपर्यंत कपाशीची पऱ्हाटी, आणि तिच्यातून रामराव धोतर खोचून फवारत चाललेले. उकंडराव बांधावर हात जोडून, “निंघा ना भाऊ बाहीर, निंघा ना,” म्हणत होते. महादेवराव सावलीत उभे. वारं उलटं. पंप नवा होता, पण झाकण नीट बसलं नव्हतं, आणि रामरावांचा सदरा पाठीला चिकटला होता.

“तिसरा पंप आहे डॉक्टर!” रामराव हात उंचावून म्हणाले. “ठणठणीत आहे!”

एक गोष्ट तायड्यांनी पुढे फक्त महामायाबाईंना सांगितली. त्या क्षणी त्यांना मनापासून वाटलं होतं, हा पडावा. एकदाचा पडावा आणि माझा निबंध खरा ठरावा. आणि पुढच्याच क्षणी रामरावांचा पाय खरोखर वाकडा पडला, तेव्हा त्यांचा हात खिशातल्या इंजेक्शनांकडे गेला.

रामराव थांबले. कपाळ पुसलं. काही बोलायला तोंड उघडलं, तर लाळच गळाली. दोन झोकांड्या घेत ते हायवेच्या कडेपर्यंत आले आणि पंपासकट बसले. नेमकी तेव्हाच मलकापूरची एसटी आली आणि गुरं आडवी आली म्हणून थांबली. खिडकीतून डोकी बाहेर आली.

“पाह्य पाह्य, दुपारीच घेतली बुढ्यानं!”

“अन् बुक्का लावून!”

“साखरखेर्ड्याचा रामराव ना हो तो? आमच्या मावशीच्या गावचा!”

तायडे धावले. पण त्यांच्याआधी पऱ्हाटीतून चांगुणा धावली. ती बापाला बोलवायला आली होती. भावी सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ही रीत तिला ठाऊक होती. पण बापाच्या वेळी डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, तेही ठाऊक होतं. तिनं पंप ओढून काढला, सदरा टरकावला आणि बांधावरच्या ड्रमातलं स्वच्छ पाणी बादली-बादलीनं सासऱ्याच्या डोक्यावर ओतायला सुरुवात केली. “डोये मिटा, मामंजी!” तिनं दरडावलं. रामरावांनी मुकाट डोळे मिटले.

बांधावरच इसीजी काढला. ठोका येत होता, थांबत होता, विचार करत होता आणि मग पुढचा येत होता. तायड्यांनी त्या विषावर उतारा म्हणून तिथेच ॲट्रोपिन टोचलं. महादेवरावांनी जीप आणली. नांदुऱ्यात शिरताना चौकातल्या स्वतःच्या फ्लेक्सकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दिवेलागणीला रामरावांची नाडी सत्तरवर आली. त्यांनी डोळे उघडले. पलंगाशेजारी उकंडराव स्टुलावर बसून त्यांचे पाय चेपत होते. दाराशी तायडे, रज्जाकभाई आणि चांगुणा.

तेवढ्यात रामरावांच्या खिशातला मोबाइल वाजला. साखरखेर्ड्याहून मुलाचा फोन होता. एसटी केव्हाच पुढे गेली होती, पण बातमी तिच्याही पुढे धावली होती. आवाज खोलीभर ऐकू आला. “आबा, गावात लोक काय बोलायलेत? तुम्ही वडनेरात रस्त्यावर पिऊन पडले होते म्हणं? खरं आहे का?”

रामरावांचा चेहरा उतरला. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला, पण ॲट्रोपिननं जीभ कोरडी पडली होती, शब्द लडबडले. ते ऐकून पलीकडे मुलगा आणखीच घाबरला. “आबा! आबा, तुम्ही खरंच...”

रामरावांनी तायड्यांकडे पाहिलं. “डॉक्टर,” ते कसेबसे म्हणाले, “काहीतरी लिहून द्या हो.”

‘छापील का?’ हे दोन शब्द तायड्यांच्या अगदी जिभेवर आले. असा मोका पुन्हा येत नाही. पण त्यांनी ते गिळले. त्या दिवशी त्यांनी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

मोबाइल उकंडरावांनी घेतला.

“जवाईबुवा, मी उकंडराव बोलून राह्यलो, वडनेरचा. आयका. तुमचे आबा पेले नाईत. फवारनीचं औषध लागलं त्याईले. आता बरे हायेत.”

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

“कागद? कागद काह्यले पाह्यजे?” उकंडराव म्हणाले. “मी वळखतो ना त्याईले. ते पेनारं मानूस नोहेत. गावात कोनी इचारलं तं माहं नाव सांगा.”

त्यांनी फोन बंद करून रामरावांच्या उशाशी ठेवला आणि पुन्हा पाय चेपायला घेतले. रामरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

ॲट्रोपिन दिल्यावर रोग्याचे डोळे कोरडे पडतात, असं वैद्यकाच्या सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. रामरावांचे पडले नाहीत.